कमावता डोळा

"थेंब तर मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच लिहून दिले होते," डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या. "घातले नाहीत का?"

"घातले की," कुलूपवाला म्हणाला. "जमतील तसे."

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती. गल्लीत तिला सगळे कॅशियरबाई म्हणत, कारण कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात ती गल्ल्यावर उभी असे आणि तिच्या गल्ल्याचा हिशोब कधी एका नाण्यानंही चुकला नव्हता. थेंबांची गोष्ट ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. नवऱ्याला इथं आणलं होतं ते चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून. आदल्या आठवड्यात हा बाबा भर रस्त्यात पाऊल टाकता झाला आणि डावीकडून येणाऱ्या सायकलवाल्यानं त्याला आडवा केला. गुडघा सोलला, शर्ट फाटला. वेळ आली होती पण काळ आला नव्हता, असं तिनं साऱ्या गल्लीला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले. एक उजवा डोळा, एक डावा. मग पेन्सिलीनं डावा गोल कडेकडेनं काळा करत आणला, तो मधे अगदी बोराएवढा पांढरा राहीपर्यंत. "एवढंच दिसतंय याला. काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणसाला कळतही नाही. थेंब रोज घातले असते तर हे तिथंच थांबलं असतं."

"आता घातले तर?" कॅशियरबाईनं विचारलं.

"उरलंय ते राहील. गेलं ते गेलं, बाई. ते परत येत नाही." डॉक्टर सरळ बोलणाऱ्या होत्या, पण वाईट नव्हत्या, त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "उजवा मात्र बराच वाचलाय. हेच मला कळत नाही. औषध दोन्ही डोळ्यांना एकच होतं."

कुलूपवाला आपल्या हातांकडे बघत बसला. बोटांवर कानशीचे जुने ओरखडे होते, नखांत काळं तेल. कोडं त्याला सुटलेलं होतं, पण ते डॉक्टरांसमोर सोडवून दाखवायची त्याची तयारी नव्हती.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं त्याची बाही धरली. "जमतील तसे म्हणजे काय हो?"

"अगं, बाटली संपायची."

"संपली तर दुसरी आणायची."

"महिना संपायचा राहिलेला असायचा ना," तो म्हणाला.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो पडला नसता तर बरं झालं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं आणि पुढंही पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

आता हा महिना कुठला आणि तो संपायचा राहिला की काय व्हायचं, हे सांगायचं तर होडीपर्यंत मागं जावं लागेल.

कुलूपवाल्याच्या हाताला भोक होतं. दारू नाही, पत्ते नाहीत, बिडीकाडीसुद्धा नाही. पण समोर कोणी तोंड पाडून उभं राहिलं की याचा हात खिशात गेलाच म्हणून समजा. एखाद्या म्हातारीची किल्ली हरवली तर हा तिचं दार फुकट उघडून द्यायचा, आणि घरात पाव नाही म्हणाली तर पावही आणून द्यायचा. चहाच्या टपरीवर बसला की सगळ्यांचे पैसे यानंच द्यायचे. तेही एक वेळ चाललं असतं. पण एके दिवशी शेजारचा सलूनवाला बातमी घेऊन आला की कोणीतरी एक होडी स्वस्तात काढतंय. दोघांनी मिळून घेतली, अर्धी याची, अर्धी त्याची. गावात पाणी म्हणाल तर एक तळं, आणि उन्हाळ्यात त्यातून बदकं पोहत नसत, चालत जात. होडी सलूनच्या मागं पालथी पडली ती कायमची. तिच्याखाली मांजरी विण्यापलीकडे तिचा कोणाला उपयोग झाला नाही.

पैसे कुठले, तर छपराच्या दुरुस्तीचे.

कॅशियरबाई त्या दिवशी ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. गळतीखाली बादली ठेवून ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता काय, त्या अर्ध्या होडीखाली झोपायचं का आपण?" मुलगी तेव्हा घरातच होती, ती हसायला लागली. मग आईचा चेहरा बघून गप्प झाली. कुलूपवाल्यानं बायकोला रडताना लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि मुलीच्या देखत तो म्हणाला, की आजपासून या घराकडे मी एक पैसा मागणार नाही.

हातघाईवर येऊन माणूस काहीबाही बोलून जातो. कोणी मनावर घेत नाही. याचं दुर्दैव असं की याचं बोलणं यानं स्वतःच मनावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी ती बँकेत गेली आणि त्याच्या नावानं वेगळं खातं उघडून आली. व्यवस्था सांगितली ती अशी. दुकानाची सगळी कमाई घरच्या खात्यात. एक तारखेला त्याच्या खात्यात ठरलेली रक्कम. "ती उडवा, उधळा, तळ्यात टाका. मी विचारणार नाही आणि बघणारही नाही. पण ती संपली की संपली. मग पुढच्या एक तारखेपर्यंत घरच्या खात्याकडे वळून बघायचं नाही."

"आणि कुठला खर्च कुठला, ते कसं ठरवायचं?"

"घराला लागेल ते घरातून. तुमच्या अंगाला लागेल ते तुमच्यातून."

न्याय तो न्याय, म्हणून तिनं स्वतःचंही तसंच एक खातं काढलं. तिच्या खात्यातलं मात्र कधी काही हललं नाही. तिच्या अंगाला काही लागतच नसे, असं ती म्हणायची. आणि त्यात थोडी मिरवायची हौस होती, हेही कबूल करायला पाहिजे.

व्यवस्था वाईट होती असं कोणी म्हणू नये. छप्पर झालं. मुलीचं शिक्षण झालं, ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. महिन्याच्या शेवटी शेजाऱ्यांकडे तोंड वेंगाडायची पाळी गेली. अंथरूण पाहून पाय पसरायला शिकवावं तर कॅशियरबाईनं, असं सलूनवाल्याची बायकोसुद्धा म्हणू लागली. वाईट असती तर ही व्यवस्था दोन महिन्यांत मोडली असती. चांगली होती, म्हणून टिकली.

आणि दोघांना तिची गोडीच लागली होती. एक तारखेला सकाळी तो हात जोडून उभा राहायचा, "साहेब, पगार झाला का?" रोज जेवताना नवा खटला. केस कापायचे पैसे कोणाचे? त्याचे, कारण डोकं त्याचं. कामाचे बूट? घराचे, कारण ते कमवायला जातात. छत्रीवर तर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी निकाल लागला, की छत्री घराची, पण कुठं विसरून आला तर त्याची. तो पोट धरून हसला होता. तीही हसली होती. बाहेर दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट सोसून आलेल्या माणसांना घरात हसायला काहीतरी लागतंच.

अशाच एका संध्याकाळी त्यानं विचारलं होतं, "चष्मा बदलायला झालाय. तो कोणाचा?"

"डोळे कोणाचे?" ती पोळपाट पुसता पुसता म्हणाली. "डोळे तुमचे, चष्मा तुमचा."

एवढंच. ती बोलली आणि विसरली. तो चष्मेवाल्याकडे गेला, चष्मेवाल्यानं डॉक्टरांकडे धाडलं, डॉक्टरांनी थेंब लिहून दिले. घरी आल्यावर "काय झालं?" तर "नंबर वाढलाय थोडा." खटल्याचा निकाल आधीच लागलेला होता, पुन्हा कोर्टात जाण्यात त्याला अर्थ वाटला नाही.

दवाखान्यातून घरी येताना कॅशियरबाई त्याच्या डाव्या बाजूनं चालली. आजवर ती कधी अशी जपून चालली नव्हती. घरी आल्यावर तिनं चहा टाकला, कप त्याच्या पुढं ठेवला, मग उचलून उजव्या हाताला ठेवला. ते त्यानं पाहिलं.

"आता सांगा," ती म्हणाली. "डॉक्टरांना कोडं पडलं. उजवा राहिला आणि डावा गेला, तो कसा?"

त्यानं खिशातून एक छोटं कुलूप काढलं. बोलायला अवघड असलं की त्याला हातात काहीतरी लागायचं. "दोन्ही डोळ्यांना रोज घातले तर एक बाटली महिनाभर जाते. कधी तेवढीही नाही. एकाच डोळ्याला घातले तर दोन महिने."

"बरं."

"दर महिन्याला बाटली म्हणजे माझ्यातलं बरंचसं तिकडंच जायला लागलं. पूर्वीसारखं टपरीवर बसणं मी सोडलं, विचार सलूनवाल्याला. तरी पुरेना. मग ठरवलं, उजव्याला रोज घालायचे. डाव्याला उरले तर."

"उजव्यालाच का?"

"कुलपात बघायला मी उजवाच लावतो ना. कानस मारताना, किल्ली जुळवताना, सगळं उजव्यानंच. तो कमावता डोळा आहे." त्यानं कुलूप उलटं करून तिला दाखवलं, जणू तिथं तसं लिहिलंच होतं. "त्याची कमाई घरात येते. म्हणजे तो घराचा. डावा नुसता माझा."

तक्रारीचा सूर नव्हता. उलट, नीट विचार करून एक चोख व्यवस्था लावली होती आणि ती आता तपासायला साहेबांपुढं ठेवली होती, असा त्याचा आवाज होता. छत्रीच्या खटल्याच्या वेळी होता, तसाच.

कॅशियरबाईला सुचलं तेही काय, तर, "मग उजव्याचे पैसे तरी घरच्या खात्यातून मागायचे होते."

बोलली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. नवऱ्याचा डोळा गेला होता आणि ती अजूनही कुठलं कुठं मांडायचं तेच बघत होती.

"मनात आलं होतं," तो म्हणाला. "पण अर्ध्या बाटलीचे पैसे कसे मागायचे? आणि अर्ध्याचं आपलं नशीब तुला माहीतच आहे. आधी अर्धी होडी, वर अर्धी बाटली. घराबाहेर काढलं असतंस मला."

तो हसला. तिनं हसावं म्हणून तिच्याकडे बघत राहिला. ती हसली नाही.

"माझ्या खात्यात होते," ती म्हणाली. "पडून होते नुसते. इतकी वर्षं काडीकाडी जमवून मी ते तिथं ठेवले, आणि कशासाठी ठेवले ते मलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला ठाऊक होतं ते तिथं आहेत."

"ते तुझे होते."

"आणि तुम्ही कोणाचे?"

त्यानं कुलूप बंद केलं, उघडलं, परत बंद केलं.

ती उठून फडताळापाशी गेली. तिथं कप टांगलेले होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही असे. पूर्वी एकसारखे होते. मग एक फुटला, मग दुसरा, मग एक बशी, आणि मागच्या हिवाळ्यात पाण्याचा काचेचा जग, तिच्या आईनं दिलेला. सगळं त्याच्याच हातून, आणि आज तिला आठवलं, सगळं डाव्या बाजूला ठेवलेलं. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा आपटायचा तेव्हा ती म्हणायची, "दार काय आजच बसवलंय का इथं?" धांदरट म्हणायची. वेंधळा म्हणायची. आणि प्रत्येक कपाचे, बशीचे, जगाचे पैसे तिनं पुढच्या एक तारखेला त्याच्या रकमेतून कापून घेतले होते. फोडलं त्यानं, भरायचं त्यानं. शिस्त म्हणजे शिस्त. डोळ्यात तेल घालून राखलेला हिशोब तिचा. त्यात एक कपसुद्धा निसटला नव्हता.

म्हणजे दिसत नव्हतं म्हणून कप फुटत होते, कप फुटले म्हणून पैसे कापले जात होते, आणि पैसे नव्हते म्हणून थेंब नव्हते. ती फडताळाला धरून उभी राहिली. तिला खाली बसावंसं वाटलं. पण गळतीच्या दिवशी ती जिथं बसली होती ती हीच जागा होती, आणि आज तिथं बसून रडायचा आपल्याला अधिकार नाही असं तिला वाटलं.

"कपांचे मी कापले हो तुमच्याकडून," ती तिकडं तोंड करूनच म्हणाली.

"मग फोडले मीच की."

"दिसत नव्हते तुम्हाला ते."

"ते मला तरी कुठं माहीत होतं?" तो म्हणाला. "तू म्हणायचीस धांदरट, मलाही वाटायचं, असेन. वय झालं की होत असेल माणूस."

हे ऐकून मात्र तिला हुंदका आवरला नाही. तो रागावला असता, वर्षानुवर्षांचं सगळं बाहेर काढून तिच्या अंगावर फेकलं असतं, तर ती निभावून गेली असती. पण हा माणूस आंधळा होत चालला होता आणि बायको म्हणते म्हणून स्वतःला वेंधळा समजत बसला होता.

दारापाशी तिचे बूट होते, मऊ तळव्यांचे. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत, म्हणून वर्षापूर्वी त्यानं आपल्या पैशांतून आणले होते. "एवढे महागाचे कशाला?" ती म्हणाली होती, "उधळ्या तो उधळ्याच." आणि मग रोज घातले होते. आजही दवाखान्यात तेच घालून गेली होती.

तिनं विचारायच्या आधीच त्यानं तिची नजर कुठं आहे ते ओळखलं. "त्या महिन्यात बाटली नाही आणली," तो म्हणाला. "पुढच्याही नाही बहुतेक. पण त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या खात्यातनं केलेला सगळ्यात चांगला खर्च तो. तूच म्हणाली होतीस, उडवा, मी विचारणार नाही. मी उडवले."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्याला घेऊन बँकेत गेली. दोन्ही वेगळी खाती बंद करून सगळं एकात घालायचं. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "बंद करायचं कारण?" ती म्हणाली, "चूक झाली." तो म्हणाला, तसा रकाना यात नाही. मग तिनं 'गरज उरली नाही' असं लिहायला सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला, असं तिच्या मनात आलं, पण ते लिहायलाही रकाना नव्हता.

सहीची जागा कागदाच्या डाव्या कोपऱ्यात होती. कुलूपवाला पेन घेऊन कागदाच्या मधोमध थांबला. काउंटरवरच्या माणसाला वाटलं, म्हातारा सही करावी की नाही या विचारात पडलाय. कॅशियरबाईनं नवऱ्याचं बोट धरलं आणि कागदावरून सरकवत सरकवत त्या चौकोनापर्यंत नेलं. मुलगी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकत होती, तेव्हा तिचं बोट तिनं असंच धरलं होतं.

"आता मला लागलं तर?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"घ्यायचे."

"विचारून?"

"न विचारता."

त्यानं खिशातलं कुलूप चाचपलं. मग म्हणाला, "जमेल का मला ते, कोण जाणे."

औषधवाल्याकडे तिनं एकदम चार बाटल्या मागितल्या. औषधवाला म्हणाला, बाई, इतक्या कशाला, एक पुरते महिनाभर, संपली की या. तिनं किंमत विचारली. त्यानं सांगितली. ती तशीच उभी राहिली, कारण त्या फुटलेल्या पाण्याच्या जगाच्या बदल्यात तिनं नवा जग आणला होता तो जवळपास तेवढ्यालाच आला होता. घराच्या खर्चात ही बाटली कोपऱ्यात कुठंतरी पडून राहिली असती, दिसलीसुद्धा नसती. त्याच्या हातखर्चात मात्र ती डोंगराएवढी होती.

"घरच्या खात्यातून?" तिनं पैसे काढले तेव्हा तो हळूच म्हणाला. सवयीनं.

"आता दुसरं खातंच नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं त्याला खाटेवर आडवं केलं आणि डोक्याखाली उशी दिली. आजवर तो थेंब स्वतःच घालायचा, दुकानाच्या मागच्या खोलीत, किल्ल्या कापायच्या मशीनशेजारी उभा राहून. आज ती म्हणाली, मी घालणार. गल्ल्यावर भराभर नाणी वेचणारा तिचा हात. पण बाटली उघडताना झाकण दोनदा खाली पडलं.

ती वाकली, तसा त्यानं मान वळवून उजवा डोळा पुढं केला.

"आधी डावा," ती म्हणाली.

"अगं, डाव्यात आता काय राहिलंय? वाया जाईल."

"जाऊ दे वाया."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोराएवढं उरलंय तेही राखायला पाहिजे, दोन्हीकडे घाला. पण त्यांनी सांगितलं नसतं तरी तिनं घातलाच असता. तिनं दोन बोटांनी त्याची पापणी वर धरली. तिला वाटलं होतं, बिघडलेला डोळा बघितल्याबरोबर कळेल. पण तो अगदी होता तसाच होता, तपकिरी, स्वच्छ, लग्नात तिच्याकडे चोरून बघणारा. फक्त आता तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे बघत होता. तिनं बाटली दाबली. थेंब डोळ्यात न पडता गालावर पडला आणि ओघळत कानापर्यंत गेला.

"गेला," तो म्हणाला. आणि मग छताकडे बघत, रोज जेवताना ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात, "हा माझ्या खात्यात मांडा, साहेब."

तिनं गाल पदरानं पुसला, पुन्हा पापणी धरली आणि पुन्हा थेंब घातला. तो नीट पडला. मग उजव्यात घातला. बाटलीचं झाकण लावलं आणि ती खाटेच्या पलीकडे, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. तिथून तिला मनसोक्त रडता येणार होतं. तिथं बसलेलं माणूस त्याला दिसत नव्हतं.

आवाज न करता ती बराच वेळ रडली. बाहेर सलूनवाला शटर ओढत होता. खोलीत अंधारत आलं.

"कुठं गेलीस?" त्यानं विचारलं.

"इथंच आहे," ती म्हणाली. "तुमच्या डाव्या हाताला."

त्यानं हात तिकडं नेला. हल्ली कपाकडे नेत असे तसाच, हळूहळू, मधे काही सांडू नये म्हणून चाचपत, तिच्या चेहऱ्यापर्यंत.